बारा फुटांचा घाट

बाल्कनीच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सरळ, मोकळी जागा आहे १४ फूट. एवढी एकच. बाकी सगळीकडे काही ना काही आड येतं. कुठे दिवाण, कुठे टीव्हीचं कपाट, कुठे चपलांचा स्टँड. ताईची मुलं मे महिन्याच्या सुट्टीत नारायणगावहून येतात ती छोट्या धातूच्या गाड्यांची पिशवी घेऊनच. गाडी फरशीवर ढकलायची, ती तीन-चार फूट जाऊन सोफ्याखाली शिरणार, मग झाडूच्या दांड्याने ती बाहेर ओढायची. भाचा दहा वर्षांचा, भाची सात. दोघांनाही शर्यत हवी असते आणि शर्यतीला आधी अंतर लागतं. शहरातल्या घरात नेमकं तेच नसतं.

म्हणून लाकडाचा ट्रॅक करायचं ठरवलं. पूर्ण १२ फुटांचा, चार गाड्या एकदम सुटतील असा. उरलेल्या दोन फुटांत मुलं बसतील. खेळ झाला की घडी घालून सगळं दिवाणाखाली. बाजारात प्लास्टिकच्या ट्रॅकचे संच मिळतात हे मला माहीत आहे, आणि त्यातले काही चांगलेही असतात. पण तुकड्याला तुकडा जोडून केलेली ती पट्टी लांब होत गेली की लचकते, आणि गाडी हरली ती स्वतःमुळे की पट्टीमुळे हे मुलांना कळत नाही. मला तसा ट्रॅक नको होता.

अंतराबद्दल मला जरा सांगायचं आहे. आम्ही लहान होतो तेव्हा गॅरेजमधून जुनी बेअरिंगं मागून आणायचो. एक फळी, मागे दोन बेअरिंगं, पुढे एक, आणि पुढचं वळवायला सुतळी. असा बेअरिंगचा गाडा घेऊन गल्लीतला उतार शोधायचा. डांबरावरून तो गाडा निघाला की त्याचा खरखराट दोन गल्ल्या पलीकडे ऐकू जायचा. आज त्या उतारावर दोन्ही बाजूंना चारचाकी उभ्या असतात, आणि मधून ज्या धावतात त्यांच्यापुढे कुणी शहाणा माणूस मूल सोडणार नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खेळायला बंदी, जिन्यात आवाज नको. मुलांच्या हातातल्या गाड्या वाढल्या आणि त्या पळवायची जागा गेली, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं आहे.

अमेरिकेत याच उताराचा रीतसर उत्सव झाला. ओहायोतल्या डेटन शहरात १९३३ साली मायरन स्कॉट नावाच्या वृत्तपत्र छायाचित्रकाराने घरगुती गाडे उतारावरून सोडणारी मुलं पाहिली, आणि त्यातून सोप बॉक्स डर्बी उभी राहिली. मुलं स्वतः बांधलेल्या गाड्यांत बसून उतार उतरत. पण त्यात भाग घ्यायला वयाची अट होती. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच इथे डॉन मर्फी यांचा दहा वर्षांचा मुलगा त्या अटीत बसेना. मर्फी त्याच्या बालवीर पथकाचे प्रमुख होते. त्यांनी १९५३ साली शर्यतच लहान केली. पाइनच्या ठोकळ्यातून मुलाने वडिलांच्या मदतीने वीतभर गाडी कोरायची आणि ती लाकडी ट्रॅकवरून सोडायची. कोण पहिला आला हे सांगायला त्यांनी दारावरच्या घंटा बॅटरीला जोडल्या होत्या. पाइनवूड डर्बी या नावाने हा खेळ आजही चालतो. मूल मोठ्या रस्त्यावर जाऊ शकत नाही तर रस्ता मुलाच्या मापाचा करून घरात आणायचा, हा मर्फींचा विचार मला फार मोलाचा वाटतो. माझ्या ट्रॅकमागेही तोच आहे.

ताईच्या मुलांकडच्या गाड्या मात्र लाकडी नाहीत, मुठीत मावणाऱ्या धातूच्या आहेत. त्यांचीही एक वंशावळ आहे. लंडनच्या लेस्नी कंपनीतल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. त्यांनी तिच्यासाठी पितळेचा एवढासा रोडरोलर घडवला आणि १९५३ पासून मॅचबॉक्स गाड्या निघू लागल्या. त्या दिसायला सुबक, पण पळायला संथ. १९६८ साली मॅटेल कंपनीने हॉट व्हील्स आणल्या त्या पळण्यासाठीच. आस म्हणजे बारीक पोलादी तार, चाक सहज फिरणारं, आणि सोबत नारिंगी पट्टीचा ट्रॅक. गाडी हातात घेऊन चाकाला टिचकी मारली की ते किती वेळ फिरत राहतं, त्यावर त्या गाडीची सारी पत ठरते. भाची गाडी कानाशी धरून हे तपासते, आणि तिचा अंदाज सहसा बरोबर निघतो.

लाकडासाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेले. प्लायवूडचा अख्खा तक्ता ८ फूट बाय ४ फुटांचा. मला त्यातल्या चारच पट्ट्या हव्या होत्या, प्रत्येकी ३ फूट लांब, साडेआठ इंच रुंद, १२ मिलिमीटर जाडीच्या. अशा मापाचे तुकडे वखारीत कोपऱ्यात पडलेले असतात. मी ७१० मार्काचा, म्हणजे मरीन प्लाय घेतला. प्लायचे थर सहसा विषम संख्येत असतात आणि प्रत्येक थराचे रेषे शेजारच्या थराला आडवे टाकलेले असतात. एका थराने फुगायचं म्हटलं तरी शेजारचा त्याला धरून ठेवतो. सागाची फळी दिसायला देखणी, पण पुण्यातला कोरडा मे आणि ओला जुलै यांच्यामध्ये ती एखादं सूत तरी वाकणार. ट्रॅकला एक सूतही खूप होतं. बिजागऱ्या आणि बारीक स्क्रू रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणले.

आता घडीबद्दल. हा ट्रॅक करताना सगळा विचार तिथेच लागतो. पट्ट्या कापणं, पॉलिश पेपर मारणं, रंग देणं ही कामं हाताला वळण असेल तर सरळ होत जातात. सांध्याचं तसं नाही. या गाडीचं चाक जेमतेम सेंटिमीटरभर व्यासाचं. आपल्या नजरेला न दिसणारी अर्ध्या मिलिमीटरची पायरी त्या चाकाला रस्त्यावरच्या स्पीड ब्रेकरसारखी लागते. गाडी वेगात असेल तर उडते, आणि खाली येते ती शेजारच्या लेनमध्ये.

बिजागरी वरून लावली तर तिची नळी रस्त्यात येते, आणि घडी घालताना दोन्ही पट्ट्यांवरचे कठडे एकमेकांवर आपटतात. शिवाय वरून लावलेली बिजागरी भार सोसत नाही. मधोमध हात टेकला की सांधा खालून उघडतो आणि ट्रॅक खचतो. तीच खालून लावली की भार पडताच दोन पट्ट्यांची डोकी वरच्या बाजूला एकमेकांना भिडतात, खाली बिजागरी ओढून धरते, आणि सांधा आपोआप आवळला जातो. रस्ताही साफ राहतो. घडी पाठीला पाठ लागून पडते. मी पट्टीच्या रुंदीएवढी अखंड पियानो बिजागरी घेतली, कारण दोन सुट्या बिजागऱ्या अगदी एका रेषेत बसवणं कसबी सुतारालाही जिकिरीचं जातं. तरीही उताराच्या मधल्या सांध्याखाली एक बुटकी घोडी ठेवतेच. मुलं वाकून बघताना हात टेकतात, आणि त्यांनी टेकावेत.

चारही पट्ट्यांची एकच घडी करायचा मोह मात्र टाळला. दोन पट्ट्यांचा उतार हा एक जोड, दोन पट्ट्यांचा सपाट रस्ता हा दुसरा. दोन्ही जोड एकमेकांना लाकडी खुंट्यांनी जुळतात आणि खालून पेटीच्या क्लिपने घट्ट होतात. घडी घातली की प्रत्येक जोड तीन फूट लांब आणि दोन इंचांहूनही कमी जाड. दोन्ही जोड भाची एकटी उचलते.

सांधा तपासायला नखासारखं हत्यार नाही. अंगठ्याचं नख आडवं धरून सांध्यावरून हलकेच ओढायचं, उताराच्या दिशेने. नख अडलं तर पुढची पट्टी उंच आहे. रंध्याचा एक हात, पुन्हा नख. पुढची पट्टी केसभर खाली असली तर चालते, गाडी उतरून जाते. केसभर वर असलेली अजिबात चालत नाही. कठड्यांचंही तसंच. लेनमधल्या पट्ट्या पाइनच्या, एक सेंटिमीटर उंच. दोन लेनच्या कठड्यांत ४ सेंटिमीटर अंतर ठेवलं, म्हणजे गाडीला दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक राहते. सांधा ओलांडल्यावर जो कठडा सुरू होतो त्याचं टोक पटाशीने निमुळतं करून घ्यायचं. रस्त्याचं तोंड तिथे किंचित रुंद होतं आणि तिरकी आलेली गाडी धडकायच्या ऐवजी आत वळते.

उतार सपाट रस्त्याला मिळतो तिथे कोन राहिला तर गाडीची पुढची चाकं टेकायच्या आत तिचं नाकच जमिनीला लागतं. तिथे लाकडाच्या गोलाई दिलेल्या तुकड्यांवर प्रत्येक लेनमध्ये फूटभर सनमायकाची पट्टी घातली आहे. ती वाकते आणि गाडीला अलगद सपाटीवर आणून सोडते. पुढे सगळ्याच लेनला सनमायका लावला. हे करताना मला गॅलिलिओची फार आठवण आली. त्याच्या १६३८ साली लायडनला छापलेल्या ग्रंथात एका फळीचं वर्णन आहे. सुमारे १२ हात लांब, अर्धा हात रुंद, तीन बोटं जाड. तिच्यात बोटभर रुंदीची सरळ खाच, ती घासून गुळगुळीत केलेली, आणि आत चर्मपत्र चिकटवलेलं, तेही होईल तितकं तुळतुळीत. फळी एका टोकाला उचलून त्या खाचेतून तो कडक, गोल ब्राँझची गोळी सोडायचा. इतका थोडा वेळ मोजेल असं घड्याळ नव्हतं. मोठ्या भांड्यातून बारीक धार गळत असायची, गोळी घरंगळत असताना पेल्यात जमलेलं पाणी तो तोलायचा. आजच्या गतिशास्त्राच्या मुळाशी ही लाकडाची खाच आहे. माझ्या ट्रॅकवर चर्मपत्राचं काम सनमायका करतो, एवढाच काय तो फरक.

गॅलिलिओला त्या फळीवर जे सापडलं ते मुलांना दाखवता येतं, एकही सूत्र न सांगता. सारख्या वेळात पार होणारी अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढत जातात. माझा उतार ६ फुटांचा, म्हणजे ७२ इंचांचा. १, ३, ५, ७ यांची बेरीज १६, म्हणून त्याचे १६ भाग केले की एक भाग साडेचार इंच. वरून साडेचार इंचांवर पहिली खूण, १८ इंचांवर दुसरी, साडेचाळीसवर तिसरी आणि ७२वर उतार संपतो. प्रत्येक खुणेवर शिलाईचा दोरा आडवा ताणून चिकटवला. गाडी दोऱ्यावरून गेली की बारीक टक् होतं. विज्ञानेतिहासकार स्टिलमन ड्रेक यांचा कयास होता की गॅलिलिओनेही फळीवर अशाच आडव्या ताती बांधल्या असाव्यात. त्याचे वडील ल्यूट वाजवायचे, आणि तालाचा कान त्याला घरातूनच मिळाला होता. आमच्या उताराचं वरचं टोक खाली आणून तो सौम्य केला, कारण दोन फुटांच्या उंचीवरून सोडलेली गाडी सेकंदाभरात खाली येते आणि मात्रा मोजता येत नाहीत. मग भाचीने डोळे मिटले आणि मी गाडी सोडली. दोऱ्यांमधली अंतरं डोळ्यांना अगदी विषम दिसतात, पहिलं वीतभरही नाही आणि शेवटचं अडीच फुटांहून जास्त. कानाला मात्र टक्, टक्, टक्, टक् अशा चार सारख्या मात्रा ऐकू आल्या. तिने डोळे उघडून खुणा पाहिल्या, मग पुन्हा मिटले आणि म्हणाली, “मावशी, परत सोड.” शर्यतीच्या वेळी दोरे काढून टाकतो.

शर्यतीची भाषा मुलांनी गावाहून आणली. जुन्नर-आंबेगाव भागात यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. जिथे गाडे पळतात त्याला घाट म्हणतात आणि एकेका गाड्याच्या धावण्याला बारी. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली या शर्यतींवर बंदी घातली होती. डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. भाच्याला कळायला लागलं ते शर्यती पुन्हा सुरू झाल्यावर. त्यामुळे ट्रॅक त्याच्या दृष्टीने घाटच, जरी खरा घाट चढाचा असतो आणि हा उताराचा. भाची निवेदन करते. चार गाड्या फाटकापाशी उभ्या राहतात. फाटक म्हणजे एका दांडीवर बसवलेल्या चार खुंट्या, मूठ फिरवली की चारही एकदम खाली जातात. “झाली, झाली, झाली, भिर्रर्र!” बारी सुटली. पलीकडच्या टोकाला जुन्या गोधडीची घडी असते, गाड्या तिच्यात जाऊन रुततात. भाचा निकालाच्या रेषेशी फरशीला गाल टेकवून पालथा पडलेला असतो. तिथून दिसतं तसं उभ्याने दिसत नाही.

वेगापेक्षा मुलांना न्यायाची जास्त काळजी असते, हे मी या फरशीवर पाहिलं. भाचीची पिवळी गाडी तिसऱ्या लेनमधून सतत पहिली यायला लागली. भाच्याचं म्हणणं पडलं की ती लेनच जास्त उताराची आहे. मी पाणसळ आणली आणि आडवी ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध होता. तरी त्याचं समाधान होईना, आणि त्याचं बरोबर होतं. गाडी पळवून पाहिल्याशिवाय पाणसळीवर का विश्वास ठेवायचा? मग दोघांनी मिळून नियम केला की प्रत्येक गाडी प्रत्येक लेनमधून एकेक बारी पळेल आणि गुणांची बेरीज होईल. पाइनवूड डर्बीतही लेन अशाच आलटून-पालटून देतात, पण हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पिवळी गाडी चारही लेनमधून जिंकली. भाच्याने ती उचलली, चाकाला टिचकी मारली, कानाशी धरली आणि गप्प बहिणीच्या हातात ठेवली. मग स्वतःच्या गाडीच्या आसांवर शिसपेन्सिलीची पूड चोळायला बसला. ती युक्ती खरी आहे, ग्राफाइटने आसाचं घर्षण कमी होतं.

जड गाडी जिंकते की हलकी, यावर अख्खी दुपार गेली. घर्षण आणि हवा नसती तर वजनाने काहीच फरक पडला नसता. प्रत्यक्षात हवा हलक्या गाडीला जास्त अडवते, म्हणून जड गाडीला थोडा फायदा. पण वजन कुठे आहे हेही महत्त्वाचं. पाइनवूड डर्बीत गाडीच्या वजनाला ५ औंसांची मर्यादा असते, आणि जाणकार बहुतेक वजन मागच्या बाजूला बसवतात. उतारावर मागचा भाग जास्त उंचावर असतो, म्हणून ते वजन जास्त उंचीवरून खाली येतं. मुलांनी गाडीच्या पाठीवर दोन रुपयांचं नाणं चिकटवलं, मग पुढे चिकटवलं, मग मागे. शेवटी त्यांनी आपसात काय ठरवलं ते मी विचारलं नाही.

पावसाळ्यात ट्रॅक दिवाणाखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवते. दिवाळीला मुलं आली की आधी नख फिरवायचं. पाइनचे कठडे कधी किंचित फुगलेले असतात, तिथे पॉलिश पेपरचे दोन हात पुरतात. मांडामांड मुलंच करतात. खुंट्या बसवणं, क्लिप लावणं, पाणसळ बघणं, फरशी जिथे बसकी आहे तिथे पुठ्ठ्याची पाचर सरकवणं. हे सगळं मी करून दिलं तर पाच मिनिटांत होईल, आणि मी ते करत नाही. जो ट्रॅक आपण स्वतः मांडला त्याच्या निकालाबद्दल मुलं वेगळ्या अधिकाराने भांडतात.

घर लहान आहे म्हणून मुलांना लहान खेळ द्यायचा, हे मला पटत नाही. त्यांना अंतर द्यायलाच हवं, मग ते घडी घालून ठेवावं लागलं तरी चालेल. तुमच्याकडे फर्निचरचं काम निघालं असेल तर सुताराला आजच सांगून ठेवा. कपाटं, पलंग झाल्यावर आठ-नऊ इंच रुंदीच्या प्लायच्या पट्ट्या हमखास उरतात आणि शेवटच्या दिवशी भंगारात जातात. त्यातल्या चार बाजूला काढा, त्याच्याकडूनच काटकोनात कापून घ्या, आणि बिजागरी खालून लावा.